चालत आलेलं

उपासाला काय चालतं आणि काय चालत नाही, यावर मराठी माणसाशी वाद घालण्यात अर्थ नाही. कुणाकडे कोथिंबीर चालते, कुणाकडे जिरंसुद्धा चालत नाही. कुणी भेंडी खातं आणि शेजारचं घर ते ऐकून नाक मुरडतं. का म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं: "आमच्यात चालतं." किंवा, "आमच्यात नाही बाई चालत." झालं, तिथे बोलणं संपलं. मी हा वाद जन्मात एकदाच घातला, तोही तोक्योत, साठ उपाशी माणसांसमोर. त्याचा मला आजही पश्चात्ताप होत नाही. जो होतो तो त्याच्या आदल्या संध्याकाळचा.

आम्ही तेव्हा ओजिमात राहत होतो. नवऱ्याचं सॉफ्टवेअरचं कंत्राट मुळात दोन वर्षांचं, ते वाढत वाढत नऊवर गेलं होतं. भाड्याच्या उंच इमारतींची वसाहत, इकडे तिला दांची म्हणतात, आणि त्या दांचीत आणि आसपास मिळून आमचं छोटं मराठी मंडळ. मंडळातल्या सगळ्यात जुन्या काकू म्हणजे आमचं पंचांग. यजमान मुंबईच्या बँकेकडून तीन वर्षांसाठी आले आणि राहिले. मोदकाचा साचा, पूजा सांगणाऱ्या गुरुजींचा नंबर, तिथी, सगळं त्यांच्यापाशी. "काकू, इथलं जांभळं रताळं चालतं का?" असे मेसेज दर एकादशीला ग्रुपवर यायचे आणि काकूंचं एका शब्दाचं उत्तर आलं की मंडळ सुटलं. मी तापाने पडले होते तेव्हा तीन दिवस दोन्ही वेळचा डबा याच काकूंनी पाठवला होता. हे आधीच लिहून ठेवते, म्हणजे पुढचं वाचून कुणी त्यांना दुष्ट ठरवणार नाही.

मुलगी दोन वर्षांची असताना आम्ही आलो. ती बालवाडीपासून जपानीत वाढली. मराठी तिला सगळी कळायची, पण उत्तर जपानीतच यायचं, फार तर इंग्रजीत. चार वर्षांची असताना एकदा तिने मला फोनवर कुणाला तरी सांगताना ऐकलं, "साबुदाणा चालतो, शेंगदाणे चालतात, वरी चालते." संध्याकाळी पाहते तर ही स्वयंपाकघरात साबुदाण्याच्या डब्यासमोर गुडघे टेकून बसलेली. झाकण उघडं. म्हणाली, "आई, कधी चालणार?" तिला वाटलं होतं की उपासाच्या दिवशी हे पदार्थ पायांनी चालतात. आम्ही दोघं पोट धरून हसलो आणि ती रुसली. तेव्हापासून आमच्या घरात उपासाच्या जिनसांना 'चालणारे' हेच नाव पडलं.

मोठा भूकंप झाला तेव्हा ती पहिलीत जायची होती. मंडळातले निम्मे लोक आठवड्याभरात मायदेशी गेले. काकूही गेल्या, दोन महिन्यांनी परतल्या. ज्याचा जीव त्याला प्यारा, त्यात नावं ठेवण्यासारखं काही नाही. नवऱ्याने मला विचारलं, "तिकिटं काढू?" मी नाही म्हटलं. मला कुणी पळ म्हटलं की माझे पाय जड होतात, हा माझा जुना दोष आहे.

लिफ्ट बंद होती. दुकानांतून तांदूळ, ब्रेड, दूध गायब. पण महाशिवरात्र नुकतीच होऊन गेली होती, त्यामुळे माझे 'चालणारे' डबे निम्मे भरलेले होते. खालच्या मजल्यावर एक बाई एकट्या राहायच्या, डब्यांच्या जेवणाच्या कारखान्यात अर्धवेळ काम करायच्या. तोवर आमची ओळख जिन्यात मान लववण्यापुरतीच होती. तुम्ही ठीक आहात ना, हे विचारायला त्या वर आल्या. मी चहा केला आणि बशीत राजगिऱ्याचा लाडू ठेवला. त्यांनी एक घास घेतला, थांबल्या, लाडवाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "किविचा." मला तो न येणारा एखादा जपानी शब्द वाटला. मी सवयीप्रमाणे "हाय, हाय", म्हणजे जपानीत हो हो, म्हणत मान डोलावली.

तो जपानी नव्हताच. त्या पेरूच्या. फळ नव्हे, देश. वडिलांचे वाडवडील ओकिनावाहून तिकडे शेतमजुरीला गेलेले, म्हणून यांना जपानचा व्हिसा मिळाला होता. आई मात्र तिकडचीच, अँडीज पर्वतात उंचावर असलेल्या एका गावची. त्या गावात राजगिरा पिकायचा आणि त्याला किविचा म्हणायचे. तोडक्यामोडक्या जपानीत, जी आम्हा दोघींची सारखीच तोडकीमोडकी होती, त्या मला विचारत राहिल्या, "हे तुमच्याकडे कसं?" मी म्हटलं, आमच्याकडे हे देवाच्या उपासाला असतं, फार जुनं आहे. त्या हसल्या. त्या हसण्याचा अर्थ मला कळायला साडेपाच वर्षं लागली.

मुलगी सहावीत गेली त्या उन्हाळी सुट्टीत, इकडे ती ऑगस्टात असते, शाळेने नेहमीचं 'जियू केंक्यू' दिलं. म्हणजे आपल्या मनाने विषय निवडायचा, शोधाशोध करायची आणि टेबलाएवढ्या कागदावर मांडून सप्टेंबरात शाळेत न्यायचं. वर्गशिक्षिकेने सुचवलं होतं की तू तुझ्या देशाबद्दल काहीतरी कर. श्रावण चालू होता. सोमवारी मी खिचडी केली आणि नेहमीप्रमाणे माझ्यापेक्षा जास्त तिने खाल्ली. खाता खाता तिने ठरवलं, हाच विषय. माझा देश, माझ्या आईची खिचडी.

वॉर्डाच्या वाचनालयात ती तीन दिवस गेली. तिसऱ्या दिवशी घरी आली ती रागावूनच. चपला नीट न ठेवता आत आली आणि म्हणाली, "आई, यात तुपाशिवाय आपलं काहीच नाही."

मी हसण्यावारी नेलं. तिने वही उघडली. साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो कंद दक्षिण अमेरिकेतल्या जंगलाकाठच्या लोकांनी शेतात आणला. त्याच्या काही जातींत विष असतं, ते किसून, पिळून, वाळवून काढायची युक्ती त्यांचीच. शेंगदाणाही त्याच खंडातला. बटाटा अँडीजचा. रताळं तिकडचं. लाल भोपळा तिकडचा. हिरवी मिरची, जिच्याशिवाय आमच्या घरात पान हलत नाही, तीसुद्धा. आणि राजगिरा तर मेक्सिकोत देवाचा. त्याच्या पिठात गोड पाक घालून लोक देवाच्या मूर्ती करायचे आणि पूजा झाली की मूर्ती मोडून तुकडा तुकडा सगळ्यांना वाटायचे. "प्रसाद," मुलगी म्हणाली. हा शब्द तिने मराठीत उच्चारला, कारण जपानीत तिला दुसरा सापडला नाही.

मग ती म्हणाली, "तुला हे माहीत नव्हतं?"

नव्हतं. मला काय माहीत होतं ते सांगते. एका खलाशाने अमेरिकेचा शोध लावला, हे वाक्य मी शाळेत इतक्या वेळा लिहिलंय की झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. त्या खलाशाचं नाव इथे लिहीत नाही. त्याचं नाव पुष्कळ घेऊन झालंय. शोध लावला म्हणे. ज्या जमिनीवर माणसं हजारो वर्षं नांदत होती, पर्वतांवर पायऱ्या खोदून शेती करत होती, तळ्यात माती भरून मळे फुलवत होती, तिचा शोध. त्याला वाटलं आपण हिंदुस्थानात पोचलो. त्याच्या चुकीपायी आपलं नाव त्या लोकांना चिकटलं आणि पुढे त्यांचं अन्न आपल्या ताटात आलं. आणि आम्ही गुण मिळवले ते त्या खलाशाचं नाव पाठ करून. जिने पहिला कडू बटाटा गोड करून घेतला त्या बाईबद्दल आम्हाला कुणी एक ओळ सांगितली नाही. मला त्या दिवशी संताप आला आणि तो अजून पुरता उतरलेला नाही.

रविवारी आम्ही दोघी वही घेऊन खालच्या मजल्यावर गेलो. पेरूच्या बाईंनी चष्मा लावून चित्रं पाहिली आणि बटाट्याच्या चित्रावर बोट ठेवलं. आजी सांगायची ते त्यांनी सांगितलं. डोंगरात कडाक्याची थंडी पडली की बटाटे उघड्यावर पसरून ठेवायचे. रात्री गोठतात, दिवसा सैल होतात. मग घरातल्या सगळ्यांनी अनवाणी त्यांच्यावरून चालायचं, हळूहळू, तुडवत, म्हणजे आतलं पाणी निघून जातं. मग उन्हात वाळवायचे. असे बटाटे वर्षानुवर्षं टिकतात. मला आपल्या गच्चीतला बटाट्याचा कीस आठवला, चैत्र-वैशाखात जुन्या धोतरावर घातलेला. बाई उठून उभ्या राहिल्या आणि तातामीच्या चटईवर पाय दाबत चालून दाखवू लागल्या.

माझी मुलगी ताडकन उठली. "आई, चालतात. खरंच चालतात."

तिच्या कागदाला नाव मिळालं ते असं: 'चालणारे पदार्थ'. जपानीत ते विचित्र वाटतं, शिक्षिकेने विचारलंही, पण तिने बदललं नाही. कागदाच्या मध्यभागी खिचडीची ताटली आणि तिथवर येणाऱ्या पावलांच्या ओळी, अँडीजहून, मेक्सिकोहून, समुद्रावरूनही पावलंच. शाळेने तो कागद महिनाभर वऱ्हांड्यात लावला.

इथपर्यंत सगळं छान होतं. मग नवरात्र आलं. मंडळाचा कार्यक्रम वसाहतीच्या सभागृहात, फराळाची जबाबदारी माझी, आणि मुलांच्या कलाकृतींसाठी एक भिंत. मुलगी म्हणाली, मी माझा कागद मराठीत करते. मी ऐकतच राहिले. मराठीत एक वाढदिवसाचं कार्ड लिहायचं तर मला तिच्या विनवण्या कराव्या लागत. दोन आठवडे ती शाळेतून येऊन लिहीत होती. "आई, 'खंड'ला टिंब कुठे?" "आई, कंदमूळ म्हणजे काय काय?" पाय मोडलेली अक्षरं, वेलांट्या उलट्यासुलट्या, पण तिची. खालच्या शेवटच्या चौकटीत तिने लिहिलं होतं: 'हे पदार्थ कोणाला सापडले नाहीत. त्या लोकांनी ते बनवले. त्यांची राज्ये बुडवली, देव फोडले. आपण रोज त्यांचे खातो. मी त्यांना थँक्यू म्हणते.' मी ते वाचून गॅलरीत जाऊन रडले. मुलगी मराठीत काही म्हणू पाहत होती, आणि ते म्हणण्यासारखं होतं.

कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी काकूंचा फोन आला. भिंतीवर लावायच्या गोष्टींचे फोटो मी ग्रुपवर टाकले होते.

"अगं, पोरीने किती कष्ट घेतलेत," त्या म्हणाल्या. "फक्त ती शेवटची चौकट काढायला सांग. घट बसलेत. देवीसमोर नरबळी देणाऱ्यांचे आभार? मी गूगल केलं ना सगळं. लोक काय म्हणतील? आणि राजगिरा आपलाच गं. हे सगळं आपल्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय."

मला बोलता आलं असतं. नरबळी होते, आणि ते मुलीने लपवलं नव्हतं, वर मेक्सिकोच्या चौकटीत लिहिलं होतं. ज्यांनी ती राज्यं बुडवली त्यांनी काय फुलं वाहिली होती का? त्या लोकांत राजे आणि पुजारी होते, तशा लेकरांच्या हातावर लाडू ठेवणाऱ्या बायाही होत्याच. हे सगळं माझ्या जिभेवर होतं. मी म्हटलं, "बघते काकू."

फोन ठेवला आणि मुलीला म्हटलं, "ती खालची चौकट झाकूया का? तेवढीच."

"खोटं आहे का ते?" तिने जपानीत विचारलं.

"नाही."

"मग?"

"तसं चालत नाही गं."

"कोण चालत नाही?" तिने विचारलं, आणि हे मराठीत विचारलं. ती कागदाची गुंडाळी करून तिच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. मी ओळखलं की मी आता गप्प बसले तर ती मराठीत परत काही लिहिणार नाही. लिहील कशाला? जे खरं आहे ते ज्या भाषेत झाकून ठेवावं लागतं, ती भाषा लेकराने का म्हणून शिकावी?

सकाळी मी तिच्या दाराशी जाऊन म्हटलं, "कागद घे. सगळा लावायचा." तिने घेतला. तिचा विश्वास बसला नव्हता. त्यात तिची काय चूक?

सभागृहात काकू आमच्या आधी पोचल्या होत्या. हातात देवीचं रंगीत चित्र आणि चिकटपट्टी. कागद लागताच त्यांनी त्या चौकटीवर चित्र धरून पाहिलं. अगदी मापात बसत होतं. "बघ, किती शोभून दिसतं," त्या मुलीला म्हणाल्या. मुलीने माझ्याकडे पाहिलं. नऊ दिवसांच्या उपासाची साठ माणसं ताटल्या घेऊन रांगेत उभी राहत होती, आणि मी पातेल्यांमागे डाव घेऊन उभी होते.

मी खिचडीच्या पातेल्यावर झाकण ठेवलं.

"काकू," मी म्हटलं, "चित्र लावा. पण मग मला फराळही आवरावा लागेल. ज्यांचे आभार चालत नाहीत, त्यांचं अन्न तरी कसं चालेल?"

मी एकेक करून झाकत गेले. बटाट्याची भाजी. रताळ्याचा कीस. शेंगदाण्याची चटणी. राजगिऱ्याच्या लाडवांचा डबा. माझा नवरा दुसऱ्या टोकाला चहा ओतत होता, त्याने किटली खाली ठेवली.

"मग उरलं काय?" रांगेतून कुणीतरी विचारलं.

"वरीचा भात, दही, केळी, खजूर," मी म्हटलं.

"वरीवर आमटी तरी?" काकूंनी विचारलं. त्यांचा आवाज खाली आला होता. सहावा दिवस होता आणि त्या सकाळपासून नुसत्या पाण्यावर होत्या.

"दाण्याची आहे ना काकू. आणि तिच्यात मिरची आहे."

रांगेत कुणीतरी फसकन हसलं. काकू हसल्या नाहीत. त्या सरळ उभ्या राहून म्हणाल्या, "तू थट्टा करतेस. हे आपल्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय."

"हो काकू," माझी मुलगी म्हणाली. भिंतीजवळून, मोठ्याने, मराठीत. "चालत आलंय. कुठून चालत आलं तेच मी लिहिलंय."

काकूंनी तिच्याकडे पाहिलं, मग कागदाकडे. मला वाटतं, तोवर त्यांनी तो फोटोतच पाहिला होता. त्या जवळ गेल्या आणि समुद्रावरची पावलं मोजावीत तसं बोट फिरवत ताटलीपर्यंत आल्या. मग म्हणाल्या, "'राज्ये'मधला ज्य चुकलाय हिचा." चिकटपट्टी त्यांनी पर्समध्ये टाकली. मला म्हणाल्या, "झाकणं काढ. खिचडी गार होईल." माफी त्यांनी मागितली नाही आणि मीही मागितली नाही. देवीचं चित्र त्यांनी दाराला लावलं.

पेरूच्या बाईंना मुलीनेच बोलावलं होतं. कामावरून सुटून त्या उशिरा आल्या, कारखान्याची टोपी हातातच. मुलीने त्यांना शेवटची चौकट जपानीत वाचून दाखवली आणि त्यांच्या हातावर लाडू ठेवला. काकू बाजूलाच होत्या. अनोळखी पाहुणी पाहून त्यांनी सवयीने मुलीला हळूच विचारलं, "यांना आपलं चालतं का गं?"

"आपलं नाही, काकू," मुलगी म्हणाली. "त्यांचंच आहे. आपल्याला चालतं."

काकूंनी पेरूच्या बाईंसाठी स्वतः खुर्ची ओढून आणली.

हे वाचून कुणाच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील, तर पडू देत. मी अजूनही सगळे उपास करते. देवावर माझी श्रद्धा आहे, आणि देवाला ताटातलं अन्न कुठून आलं हे लपवून हवं असेल असं मला वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजगिऱ्याचा डबा काढला तर त्यावर एक चिठ्ठी चिकटवलेली होती. कुणी सांगितलं नव्हतं. मोडक्या पायांच्या अक्षरांत, शाळेच्या पेन्सिलने, दोन्ही अनुस्वार गाळून तिने लिहिलं होतं: 'आमच नाही. आम्हाला चालत.'

पुढे आम्ही ग्योतोकुला राहायला गेलो, डबा बरोबर आला. ते अनुस्वार मी अजून दिलेले नाहीत.